‘लिव्हरमध्ये गेला’ म्हणजे सारे संपले काय?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाविषयी, शिष्यवृत्त्यांविषयी, मुलींच्या पुढील शिक्षणाविषयी व्याख्याने होतात. यंदा चिटणीससाहेबांनी मला विषय विचारला, तेव्हा मी आतड्याच्या कर्करोगाचे नाव घेतले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही तर बी. ए., बी. एड. मराठी आणि इतिहास शिकविता. हा विषय एखाद्या डॉक्टरसाहेबांना द्यावा, हे बरे नाही का?” त्यांचे म्हणणे रास्त होते. मी डॉक्टर नाही, आणि आज मी जे सांगणार आहे ते कोणीही औषधाच्या चिठ्ठीसारखे वापरू नये. तरीही हा विषय मी हट्टाने मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

माझ्या थोरल्या मामूंचे लहानसे किराणा दुकान होते. साठीच्या आत-बाहेरचे वय. शौचावाटे रक्त जाऊ लागले, तेव्हा त्यांनी दोन वर्षे ते कोणाला सांगितले नाही. सांगितले तेव्हा सर्वांनी बवासीर ठरवून टाकली. मलमे झाली, पुड्या झाल्या. अखेर तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तिचे ऑपरेशन झाले व ते चांगले झाले. मामू पुन्हा गल्ल्यावर बसू लागले. दीड वर्षाने नेहमीच्या तपासणीत यकृतात दोन गाठी दिसल्या.

त्या रात्री घरात बैठक बसली. मोठी माणसे म्हणाली, “आता लिव्हरमध्ये गेला. आता पुन्हा चिरफाड नको. त्यांना सांगूही नका, उगाच धसका घेतील.” मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. “तू शिकलेला आहेस, तुझे काय म्हणणे?” अम्मीने विचारले. मी मान हलविली. माझेही मत तेच होते. कारण मला काहीच ठाऊक नव्हते.

आठ महिन्यांनी मामू गेले. चाळिसाव्याच्या फातेहानंतर त्यांची कागदपत्रे आवरताना ती फाईल माझ्या हाती आली. शेवटच्या कागदावर, तळाला, इंग्रजीत एक ओळ होती : यकृताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांना दाखवावे. ती ओळ आमच्यापैकी कोणी वाचलीच नव्हती. कागद घरी आणणारा मीच होतो.

मामू वाचले असते, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. आयुष्य अल्लाहच्या हाती आहे. परंतु त्या ओळीचा अर्थ काय होता, हे मी पुढे वर्षभर वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना त्रास देऊन समजून घेतले. ते आपल्यापुढे ठेवावे, म्हणजे निदान दुसऱ्या घरातील बैठकीत कोणी शिकलेला माणूस नुसतीच मान हलविणार नाही, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रथम यकृत म्हणजे काय ते पाहू. बोलण्यात आपण त्याला लिव्हर म्हणतो आणि मटणाच्या दुकानात कलेजी. पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड ते असते. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे सव्वा ते दीड किलो भरते. पोटातील व छातीतील अवयवांत सर्वांत मोठे तेच. त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. एक वाट हृदयाकडून येणाऱ्या रोहिणीची. दुसरी आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेची. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या दुसऱ्या वाटेने येते. आपण जेवलो की पचलेल्या अन्नाचा अंश घेऊन आतड्यांतील रक्त आधी यकृतात जाते, तेथे गाळले जाते व मग हृदयाकडे पोहोचते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे व माल तेथे थांबल्यावाचून आत जात नसे. तसाच हा नाका समजा.

आता मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ झाली आणि तिच्या काही पेशी सुटून रक्तात मिसळल्या, तर त्यांची पहिली गाठ पडते ती या नाक्याशी. तेथे त्या अडकतात आणि रुजतात. म्हणून हा रोग पसरतो तेव्हा बहुधा यकृतात आधी दिसतो. हा यकृताचा स्वतःचा कर्करोग नव्हे. तो आतड्याचाच कर्करोग, यकृतात जाऊन वाढलेला. दारू न पिणाऱ्या माणसाच्या यकृतातही तो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘लिव्हरचा आजार’ म्हटले की आपल्याकडे शेजारीपाजारी भलतेच बोलू लागतात आणि घरचे लोक शरमेने आजार लपवितात.

हा रोग विरळा नाही. २०२२ या एका वर्षात जगात मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण सापडले व सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा क्रम दुसरा लागतो. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे याचे प्रमाण अद्याप कमी आहे; पण ते वाढत आहे, आणि आपल्याकडे ऐन तारुण्यातले रुग्णही दिसतात. ज्यांचे निदान होते अशा शंभरांपैकी पंधरा ते पंचवीस जणांच्या यकृतात त्याच वेळी गाठी असतात. आणखी काहींच्या यकृतात त्या पुढे दिसतात, जशा मामूंच्या दिसल्या.

पूर्वी डॉक्टरही आमच्या बैठकीतल्या मोठ्या माणसांसारखेच म्हणत. रक्तातून एका जागी गेला म्हणजे सर्वत्र गेलाच असणार, मग कापून काय उपयोग? काहीच उपचार केला नाही तर असे बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत जात, आणि पाच वर्षे जगलेला जवळजवळ सापडत नसे. शिवाय यकृताला सुरी लावणे हेच मोठे धाडस होते. स्पंजासारखा रक्ताने भरलेला तो अवयव. टाका घालावा तर मांस फाटते, न घालावा तर रक्त थांबत नाही.

ही भीती एका दिवसात गेली नाही. १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स होगार्थ प्रिंगल या शल्यविशारदाने दाखविले की, यकृताच्या दाराशी येणाऱ्या रक्तवाहिन्या थोडा वेळ दाबून धरल्या की रक्तस्राव आवरता येतो. १९५२ मध्ये पॅरिसच्या लोर्ता-जाकोब यांनी रक्तवाहिन्या आधी बांधून यकृताचा उजवा भाग पद्धतशीर काढल्याचे प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये क्लोद क्विनो या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने यकृताचा नकाशाच मांडला. बाहेरून अखंड दिसणारे यकृत आतून आठ भागांचे आहे आणि प्रत्येक भागाची रक्ताची व पित्ताची नळी वेगळी आहे, हे त्याने दाखविले. म्हणजे एक भाग काढला तरी शेजारचा भाग जगतो.

विद्यार्थी मित्रांनो, या यादीत आशियातील एक नाव आवर्जून लक्षात ठेवा. व्हिएतनाममधील हनोई येथील डॉक्टर तोन थात तुंग. वसाहतीच्या आणि युद्धाच्या काळात, श्रीमंत देशांची साधने हाताशी नसताना, या माणसाने मृत यकृतांचे विच्छेदन करून करून आतील शिरांचा अभ्यास केला. यकृताचे मांस बोटांनी हलके दाबून फोडायचे, मधल्या रक्तवाहिन्या बोटांना लागतात, त्या एकेक बांधायच्या, अशी पद्धत त्याने बसविली आणि १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. आपल्या पूर्वसूरींपैकी दहाव्या शतकातील कॉर्डोव्ह्याच्या अझ्-झहरावी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. तीस भागांच्या ग्रंथातील शेवटचा भाग त्यांनी शस्त्रक्रियेला वाहिला होता. नुसता अभिमान मात्र पुरत नाही. गेल्या शतकात हनोईच्या या माणसाने जे केले ते तुमच्यापैकी कोणी का करू नये?

यकृताला अल्लाहने आणखी एक देणगी दिली आहे. ते पुन्हा वाढते. १९३१ साली हिगिन्स व अँडरसन या दोन संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, तर उरलेले यकृत थोड्याच दिवसांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या वजनाचे झाले. माणसातही तसेच घडते. काही आठवड्यांत, काही महिन्यांत. काढलेला तुकडा पुन्हा त्याच आकाराने फुटत नाही, तर राहिलेला भाग मोठा होतो. म्हणून यकृत निरोगी असेल तर त्याचा पाऊण हिस्सा जवळजवळ काढला तरी माणूस तरतो. हात गेला तर परत येत नाही, डोळा गेला तर परत येत नाही, यकृत येते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. शस्त्रक्रिया करता येते हे खरे. पण ती करून माणूस किती जगतो? दोन-चार महिन्यांसाठी एवढा खर्च, एवढे हाल करायचे का? घरोघरी हाच प्रश्न विचारला जातो व तो योग्यच आहे.

न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाने याचा मोठा हिशेब ठेवला. १९९९ मध्ये तेथील डॉक्टरांनी, ओळीने अशा शस्त्रक्रिया झालेल्या १००१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या शस्त्रक्रिया १९८५ ते १९९८ या काळातल्या. शस्त्रक्रियेमुळे दगावलेले शेकडा ३ हून थोडे कमी होते. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शेकडा ३७ आणि दहा वर्षांचे शेकडा २२ निघाले. ज्या रोगात पूर्वी पाच वर्षांचा माणूस दिसत नव्हता, त्यात शंभरातून सदतीस!

पण गणिताचे शिक्षक येथे बसले आहेत. त्यांच्या लक्षात आले असेल की यात एक मेख आहे. १९९८ साली ज्याचे ऑपरेशन झाले त्याची दहा वर्षे १९९९ मध्ये कशी भरणार? म्हणून दहा वर्षांचा आकडा हा शास्त्रीय रीतीने काढलेला अंदाज होता, प्रत्यक्ष मोजणी नव्हती. अंदाज खोटा नसतो, पण अंदाज तो अंदाज.

मग त्याच रुग्णालयाने पुढे धीर धरला. १९८५ ते १९९४ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या आणि दहा वर्षांची नोंद पूर्ण असलेल्या ६१२ रुग्णांची त्यांनी एकेक करून हजेरी घेतली व २००७ मध्ये निकाल जाहीर केला. ६१२ पैकी १०२ जण प्रत्यक्ष दहा वर्षे जगले होते. मुलांनो, भागाकार करा. बरोबर सहांत एक.

त्या १०२ पैकी ९९ जणांत शेवटच्या तपासणीत रोगाचा मागमूस नव्हता. दहा वर्षे ओलांडल्यानंतर या रोगाने दगावलेला माणूस किती? फक्त एक. म्हणजे दहा वर्षे पार केलेला माणूस बरा झाला, असे म्हणावयास हरकत नाही. ‘बरा’ हा शब्द डॉक्टर कर्करोगाच्या बाबतीत फार जपून वापरतात. पसरलेल्या कर्करोगाच्या बाबतीत तर वापरीतच नसत. येथे तो वापरता आला.

त्याच निकालात दुसरा एक आकडा आहे, तो गोड नाही. जे पाच वर्षे जगले होते, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पुढे याच रोगाने गेले. आपल्याकडे पाच वर्षे झाली की लोक पेढे वाटतात, फाईल माळ्यावर टाकतात आणि तपासणी बंद करतात. पाच वर्षे ही मोठी मजल आहे, शुकराना जरूर अदा करा; पण ती मुक्काम नव्हे. या रोगात परीक्षा दहावीची आहे, पाचवीची नाही, असे मी माझ्या वर्गात सांगतो आणि मुलांच्या ते चटकन ध्यानात येते.

आणखी एक गोष्ट. कोण जगणार हे आधी ओळखता येते का? १००१ रुग्णांच्या त्या अभ्यासातून डॉक्टरांनी पाच खुणा काढल्या : आतड्यालगतच्या गाठींत रोग गेलेला असणे, आतड्याच्या गाठीनंतर वर्षाच्या आत यकृतात रोग दिसणे, यकृतात एकापेक्षा अधिक गाठी असणे, सर्वांत मोठी गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असणे, आणि रक्तातील सीईए नावाच्या पदार्थाचे प्रमाण २०० च्या वर असणे. हा सीईए १९६५ मध्ये माँट्रियलच्या गोल्ड व फ्रीडमन यांनी शोधला. यांतील एकही खूण नसेल तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शेकडा ६०. पाचही असतील तर शेकडा १४.

येथे आपण सावध राहिले पाहिजे. शेकडा १४ म्हणजे शून्य नव्हे. दहा वर्षे जगलेल्या त्या १०२ जणांत अर्ध्यांच्या आतड्यालगतच्या गाठींत रोग गेलेला होता, शंभरात एकोणचाळीस जणांच्या यकृतात एकापेक्षा अधिक गाठी होत्या आणि पस्तीस जणांची गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी होती. म्हणजे वाईट खुणा असूनही ही माणसे तरली. मामूंच्या यकृतात दोन गाठी होत्या. आमच्या बैठकीत दोन हा आकडा ऐकून सर्वांनी हाय खाल्ली. दोन गाठींची माणसे त्या हजेरीत दहा वर्षांनंतरही ‘हजर’ म्हणत होती, हे मला त्या रात्री ठाऊक नव्हते.

दुसऱ्या बाजूनेही प्रामाणिक असले पाहिजे. सहांत एक बरा होतो, याचाच अर्थ सहांत पाच होत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर तिघांपैकी सुमारे दोघांत रोग पुन्हा डोके काढतो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. कारण उघड आहे. डोळ्यांना व यंत्रांना दिसणाऱ्या गाठी डॉक्टर काढतात. मोहरीहूनही बारीक असलेले बी कोठे लपले असेल तर ते दिसत नाही. पण यकृत पुन्हा वाढते, म्हणून रोग यकृतातच परतला असेल तर काहींवर दुसऱ्यांदाही शस्त्रक्रिया करता येते आणि तिचाही फायदा होतो. अट एकच : परतलेला रोग लवकर सापडला पाहिजे. म्हणून दर काही महिन्यांची रक्ततपासणी आणि स्कॅन यांना चुकायचे नाही. शस्त्रक्रियेचे धोकेही आहेत. रक्तस्राव, पित्त गळणे, जंतुसंसर्ग, उरलेले यकृत अपुरे पडणे. मोठ्या, सराव असलेल्या केंद्रांत दगावण्याचे प्रमाण आता पूर्वीपेक्षा कमी आहे. पण हे काम रोज करणाऱ्या हातांनीच व्हावे, हे विसरू नये.

आता ज्यांच्या गाठी पहिल्या दिवशी काढता येण्यासारख्या नसतात त्यांचे काय? आणि बहुसंख्य रुग्ण असेच असतात. सुरुवातीलाच शस्त्रक्रिया करता येण्याजोगे शंभरात वीसच्या आसपास. पॅरिसजवळच्या व्हिलज्वीफ येथील रुग्णालयात बिस्मथ व अदाम या शल्यविशारदांनी या लोकांचा पिच्छा सोडला नाही. औषधांनी, म्हणजे केमोथेरपीने, गाठी आकसतात का ते ते पाहत राहिले. २००४ मध्ये त्यांनी सांगितले की, सुरुवातीस अशक्य ठरविलेल्या ११०४ रुग्णांपैकी १३८ जणांच्या गाठी पुरेशा लहान झाल्या व त्यांची शस्त्रक्रिया करता आली. त्या १३८ पैकी पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शेकडा ३३, दहा वर्षांचे शेकडा २३. म्हणजे आठांत एकासाठी ‘नाही’ या उत्तराचे पुढे ‘होय’ झाले. त्यावरून एक शिकावे : आजचा नकार हा कायमचा नकार नसतो. चार महिन्यांनी पुन्हा विचारावे.

जपानी शल्यविशारदांनी १९८० च्या दशकात दुसरी एक युक्ती पुढे आणली. यकृताचा जो भाग काढायचा आहे त्याच्याकडे जाणारी शीर आधी बंद करायची. मग रक्त दुसऱ्या भागाकडे वळते, तो भाग काही आठवड्यांत वाढतो आणि त्यानंतर रोगट भाग काढला तरी उरलेला भाग पुरेसा पडतो. लहान गाठी काही वेळा सुईने उष्णता देऊन जाळताही येतात.

शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपी दिल्याने आयुष्य किती वाढते, याचीही कसोटी युरोपात झाली. जास्तीत जास्त चार गाठी असलेल्या ३६४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला केवळ शस्त्रक्रिया, दुसऱ्याला जोडीला केमोथेरपी. २००८ मध्ये दिसले की केमोथेरपीने रोग परतण्यास काहीसा विलंब होतो. पण २०१३ मध्ये पाच वर्षांचा हिशेब लागला तेव्हा हयात असलेले एका गटात शेकडा ४८ आणि दुसऱ्यात ५१. म्हणजे निश्चित म्हणता येईल असा फरक नाही. म्हणून केमोथेरपी कोणाला, कधी व किती, हे डॉक्टर रुग्णागणिक ठरवितात. ‘अमक्याला बारा दिली, आम्हाला सहाच का?’ असे भांडू नये. मात्र केवळ शस्त्रक्रियेच्या गटातही पाच वर्षांनी जवळजवळ निम्मी माणसे हयात होती, ही गोष्ट मोलाची आहे.

अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, याहून पुढचे पाऊल पडले. ज्यांच्या यकृतातील गाठी कधीच काढता येणार नाहीत, पण रोग यकृताबाहेर मुळीच नाही, अशा काटेकोर निवडलेल्या ९४ रुग्णांवर युरोपात चाचणी झाली. निम्म्यांना केमोथेरपी आणि संपूर्ण यकृत बदलणे. निम्म्यांना केवळ केमोथेरपी. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ५७ व दुसऱ्यात १३ निघाले. हा उपचार फार थोड्यांसाठी आहे व दान केलेली यकृते कमी आहेत. परंतु वाट उघडली आहे.

बंधू-भगिनींनो, आता कामाचे बोलू. ईश्वर न करो, पण आपल्या घरी असा कागद आला, तर रडण्याआधी आणि निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हे तीन प्रश्न मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

पहिला : रोग केवळ यकृतातच आहे, की आणखी कोठे?

दुसरा : या गाठी आज काढता येतील का? आज नाही, तर औषधाने लहान झाल्यावर येतील का?

तिसरा : यकृताच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या शल्यविशारदाने हे स्कॅन स्वतः पाहिले आहेत का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाठी काढता येतात की नाही हे ठरविणे हे त्या कामातल्या माणसाचेच काम. आपण घरी पाटावर बसून ते ठरवू शकत नाही. जाताना जुने सर्व कागद, स्कॅनच्या फिल्म अथवा सीडी आणि ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा अहवाल बरोबर न्या. आणि प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. इंग्रजी येत नसेल तर आपल्या शाळेत या. आमच्यापैकी कोणीही शिक्षक तो वाचून देईल. अर्थ मात्र डॉक्टरांनाच विचारा.

पैशाचा प्रश्न मला ठाऊक आहे. मुंबईत परळला १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. देशभरातले गरीब रुग्ण तेथे येतात. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड व ओळखपत्र घेऊन त्याला आधी भेटा. दागिना मोडण्याआधी एवढी चौकशी करावी.

रुग्णापासून रोग लपविण्याविषयी दोन शब्द. आम्ही मामूंना सांगितले नाही, ते प्रेमापोटी. पण शरीर त्यांचे होते. धोका पत्करायचा की नाही, हे विचारण्याचा हक्कही त्यांचाच होता. तो आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला. सहांत एकाची संधी त्यांना हवी होती का, हे मला आता कधीच कळणार नाही. सांगताना शब्द मऊ असावेत, पण सांगावे.

आणि हे सारे टळावे यासाठी मुळाशी जावे. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची सवय अचानक बदलून आठवडेच्या आठवडे तशीच राहणे, कारण नसताना वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, यांतले काहीही दिसले तर बवासीर म्हणून गप्प बसू नका. असेलही बवासीर, पण ते तपासून ठरू द्या. दुर्बिणीची तपासणी थोड्या वेळात होते. आपल्या भगिनी शरमेने बोलत नाहीत. त्यांनी लेडी डॉक्टरकडे जावे, पण जावे. ज्यांच्या आई-वडिलांना वा भावंडांना हा रोग झाला आहे त्यांनी तर डॉक्टरांना मुद्दाम विचारून आपली तपासणी ठरवून घ्यावी. तंबाखू सोडावी, वजन आटोक्यात ठेवावे, ताटात मांसाबरोबर भाजीही दिसावी.

आजारावर इलाज करा, ही आपल्याला पैगंबरसाहेबांचीच (स.) शिकवण आहे. दुआ आणि दवा यांचे भांडण आपण लावतो; दीनने लावलेले नाही. इलाज न करता बसणे याला सब्र म्हणत नाहीत. इलाज करून मग जे होईल ते स्वीकारणे, याला सब्र म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे तुमच्यासाठी. आज मी जे आकडे सांगितले त्यामागे कोणाची जादू नाही. कोणीतरी १९८५ साली एका रुग्णाचे नाव वहीत लिहिले, आणि पुढे दहा वर्षे तो कसा आहे हे विचारीत राहिले. बरा असला तरी लिहिले, गेला तरी लिहिले. त्या नोंदींतून ‘सारे संपले’ हे जुने मत खोटे ठरले, आणि ‘पाच वर्षे झाली म्हणजे झाले’ हेही खोटे ठरले. विज्ञान म्हणजे मुख्यतः हेच : मन लावून ठेवलेली, खोटेपणा नसलेली हजेरी. तुमच्यातून डॉक्टर व्हावेत, परिचारिका व्हाव्यात, शास्त्रज्ञ व्हावेत. आणि जे माझ्यासारखे कला शाखेला जातील, त्यांनी निदान घरी आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. घरात शिकलेला माणूस असतो तो याचसाठी.

 अल्लाह आपणां सर्वांना तंदुरुस्ती देवो.

खुदा हाफिज.